रोज एक वीत

पट्टीवाले भाऊ नदीला भयंकर घाबरत, आणि सरकारनं त्यांना नेमकं नदी मोजायलाच ठेवलं होतं. रामाकोन्याला कन्हानच्या पुलाच्या एका खांबावर पाण्याची उंची मोजायची पट्टी रंगवलेली होती. सकाळी आठला, दुपारी बाराला आणि संध्याकाळी सहाला ती वाचायची, आकडा वहीत लिहायचा आणि आठवड्याचा कागद सौंसरच्या ऑफिसात पोचवायचा, हे त्यांचं काम. खरं नाव यादवराव. पण गावात यादवराव कुठं राहतात म्हणून विचारलं तर लोक तोंडाकडे पाहत, आणि पट्टीवाले म्हटलं की शेंबडं पोरही घर दाखवी.

मी त्यांच्याच घरी भाड्यानं राहायचे. पंचविशीतली, पांढुर्ण्याची, नवी लागलेली मास्तरीण. परगावी एकटी राहते म्हणजे मोठी धीट असेल असं लोकांना वाटे. कसली धीट! पाल दिसली की मी पाटावर चढते, आजही. त्यामुळे भाऊंच्या घरी मला बरं वाटलं. माझ्याहून जास्त घाबरणारं माणूस मला तोवर भेटलं नव्हतं.

ते साहेबाला घाबरत, सापाला घाबरत, गावातल्या भांडणाला घाबरत. ऑफिसातून पाकीट आलं की ते स्वतः फोडत नसत, बायकोच्या हातात देत. शेवंतावहिनींना अक्षरओळख नव्हती. त्या पाकीट फोडत आणि भाऊ भिंतीकडे तोंड करून विचारत, "कागद पिवळा हाय का पांढरा?" पिवळा म्हणजे साहेबाचा जाब. पांढरा असला की ते वळून बसत आणि चहा मागत. मला हसू यायचं. एकदा हसले तर वहिनी हळूच म्हणाल्या, "हसू नोका बाई. त्याईच्या मोठ्या भावाले नेलं कन्हानीनं. गुरं घेऊन पात्रातून येऊन राहिला होता, टोंगळ्याएवढं पन पानी नव्हतं, वर ऊन पडलं होतं. पाऊस पडला तो तिकडं डोंगरात. हे काठावर उभे होते, नऊ वर्षाचे." त्यानंतर मी हसले नाही. निदान त्यांच्यासमोर नाही.

भाऊंची चाल गावात प्रसिद्ध होती. पाय उचलायचा, अधांतरी धरायचा, खाली नीट पाहायचं आणि मग टेकवायचा. रस्त्यावर ते जरा बरे चालत, पण नदीच्या रेतीत उतरले की थेट कोंबड्यासारखे. पोरं मागून नक्कल करत. मीही आधी समजले की गुडघ्याचं काही दुखणं असेल.

ते दुखणं नव्हे हे मला पहिल्याच उन्हाळ्यात कळलं. संध्याकाळी मी रेतीत फिरायला उतरले होते. तर लांबून आरडाओरडा, "थांबा बाई! पाय ठेवू नोका! आहे तिथंच ऱ्हा!" मला वाटलं, झालं, साप! एक पाय वर, एक खाली, अशी मी उभी राहिले. डोळ्यांत पाणी आलं. डोक्यावर एक टिटवी किंचाळत घिरट्या घालत होती, त्यानं आणखीच जीव उडाला. भाऊ त्यांच्या कोंबडचालीनं येईपर्यंत माझा उभा पाय थरथरायला लागला होता. ते आले, वाकले आणि माझ्या उचललेल्या पायाच्या बरोबर खाली बोट दाखवलं. चार अंडी होती. रेतीचाच रंग, वर काळपट ठिपके, टोकं आत करून मांडलेली. काडी नाही, पान नाही, घरटं म्हणावं असं काहीच नाही. एक उथळ खळगा आणि कडेनं दोन-चार खडे.

"अहो, मी घाबरले ना!" मी ओरडलेच.

"मी पन घाबरलो," भाऊ म्हणाले. "तुमच्यापेक्षा जास्त घाबरलो. आता मागच्या मागं या. तुमच्याच पावलात पाय ठेवून या."

तेव्हापासून 'पायाखाली पाहा' हे त्यांचं वाक्य मी दिवसातून दहा वेळा ऐकलं. कोणी सौंसरच्या बाजाराला निघालं तरी ते म्हणत, पायाखाली पाहा. आशीर्वाद देतात तसं.

त्याच उन्हाळ्यात मी एक मूर्खपणा केला, तो सांगते. नदीच्या रेतीत टरबूज लावणाऱ्या वाडीवाल्यांचं कुत्रं टिटवीच्या पिलांमागं लागलं होतं. मी दोन पिलं पदरात घेतली आणि घरी आणली. केवढीशी ती, सुपारीला पाय फुटावेत तेवढी. टोपलीत घातली, वर फडकं टाकलं. मला वाटलं, केवढं पुण्याचं काम! कण्या शिजवल्या, मऊ केल्या, बोटानं चोचीपुढे धरल्या. चिमणीच्या पिलासारखी ती चोच वासतील म्हणून वाट पाहिली. ती वासेनातच. दूध पाजायला गेले, एकाच्या नाकात गेलं. रात्रभर टोपलीतून चिवचिव येत राहिली आणि मी भूक लागली असेल, भूक लागली असेल म्हणत कण्या शिजवत राहिले.

सकाळी भाऊंनी टोपली पाहिली. त्यांना चिडलेलं मी फक्त तेव्हा पाहिलं. आवाज चढला नाही, उलट उतरला. "बाई, तुम्ही शिकलेल्या ना जी? टिटवी पिलाले भरवत नाही. कधीच भरवत नाही. त्याले चोच वासताच येत नाही, मांगायचं त्याले माहीतच नाही."

टोपली घेऊन ते तडक नदीकडे निघाले, मी मागून. धारेच्या अगदी कडेला, जिथं रेती काळसर ओली होते आणि वर गाळाची साय धरते, तिथं त्यांनी पिलं सोडली. एक उठलंच नाही. दुसरं थोडा वेळ डुगडुगलं. मग त्यानं एक पाय ओल्या गाळावर ठेवला आणि तो पाय थरथर थरथर हलवला. गाळातून काहीतरी बारीक वळवळलं. पिलानं टप्पकन टिपलं. पुन्हा पाय थरथरवला, पुन्हा टिपलं. एका दिवसाचं पोर, आणि कोणी शिकवलं म्हणावं?

"अंड्यातून निघालं की दोन तासात चालते," भाऊ म्हणाले. "माय नुसती ओलीवर आनून सोडते अन् कुत्रं आलं, ससाणा आला की ओरडते. खायचं ज्याचं त्यानं. मुंगी, चिलट, गाळातली अळी. कोरड्या रेतीत अंडं ठेवाले जागा हाय, खायाले काही नाही. सारं पोट या तीन हाताच्या ओलीवर. ही ओल गेली, नाही त रस्ता अडला, का पिल्लू मेलं. आपन कितीबी कण्या शिजवा."

मग त्या थरथरणाऱ्या पायाकडे पाहत म्हणाले, "मी पन असाच थरथरतो. पन त्याले त्यातून खायाले भेटते."

त्या मेलेल्या पिलाबद्दल ते मला पुन्हा कधीही बोलले नाहीत. मला मात्र अजून कण्या शिजवल्या की ती टोपली आठवते.

आता सुंदराबाईंबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यांच्याशी जोडलेलं आहे. थंडी सरली की कन्हानची धार आटून एका कडेला जाते आणि उघड्या पडलेल्या रेतीत लोक टरबूज-खरबुजाच्या वाड्या लावतात. सात झोपड्या पडत. बायकापोरांसकट सगळे चार-पाच महिने तिथंच. या सातही घरांच्या पुढारी म्हणजे सुंदराबाई. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आवाज असा की पुलावरची एसटी ऐकू येऊ नये. वेलांना पाणी घालायला वाडीवाले धारेला समांतर एक लांब चर खणत. मांडीएवढा खोल, दोन हात रुंद, बाजू उभ्या तासलेल्या. त्यात पाणी झिरपून साचायचं आणि मडक्यांनी किंवा इंजिनानं उचलायचं.

टिटवी अंडी घालायची वरच्या कोरड्या रेतीत. ओल होती खाली धारेशी. मध्ये हा चर. पिलं मायच्या मागं खाली निघाली की चरात पडत. उभी बाजू चढता येत नसे. माझ्या दुसऱ्या उन्हाळ्यात भाऊंनी चारपैकी तीन पिलं चरातून मेलेली काढली. त्यांनी ती वहीत मांडली नाहीत, पण त्या दिवशीचा बाराचा आकडा लिहायला ते विसरले, आणि मग पिवळा कागद आला.

ते घाबरत घाबरत सुंदराबाईंकडे गेले. मी सोबत होते, त्यांनीच नेलं होतं. म्हणाले, "मावशी, चराले दोन-तीन ठिकानी उतार देता का? रेतीच ढकलायची. पिल्लं चढून जातीन."

सुंदराबाई टरबूज कापत होत्या. सुरी तशीच धरून हसल्या. "अगा बाप्पा! तुह्या पाखरासाठी मी चर बुजवू? मंग माह्या वेलाले पानी कोन घालन, तुही टिटवी?" सगळी वाडी हसली. भाऊही हसले, आणि घरी येऊन जेवले नाहीत.

माझा तिसरा उन्हाळा. सुट्टीत मी पांढुर्ण्याला जायचे, पण मतदारयाद्यांचं काम गळ्यात पडलं म्हणून थांबले होते. एक दिवस भाऊंनी मला अंगणात बाजूला बोलावलं, आजूबाजूला पाहिलं आणि कुजबुजले, "बाई, कोनाले सांगू नोका. मी टिटवी खाली नेऊन राहिलो."

"म्हणजे?"

म्हणजे असं. अंडी सापडल्यापासून ते सकाळची पट्टी वाचून झाली की रेतीत जात, नवा खळगा एक वीत खालच्या बाजूला करत आणि चारही अंडी तशीच टोकं आत करून त्यात मांडत. जुना खळगा बुजवून टाकत. संध्याकाळची पट्टी झाली की आणखी एक वीत. टिटवी ओरडायची, त्यांच्या डोक्यावर झेपा घालायची, मग येऊन बसायची. एका वितीचा फरक तिला चालत होता. दोन हात एकदम नेलं असतं तर तिनं ती अंडी सोडून दिली असती, असं ते म्हणाले. पुढे पुढे ती सरावली तशी ते वितीची हातभर करत गेले.

चर ओलांडायचा दिवस मी पाहिला. त्यांनी अंडी पलीकडच्या काठावर मांडली आणि आम्ही लांब बाभळीच्या सावलीत जाऊन बसलो. टिटवी आली, जुन्या जागी बसायला गेली, तिथं काही नाही. चराच्या अलीकडे उभी राहून ओरडत सुटली. ऊन असं की अंडी उकडून निघावीत. भाऊंनी स्वतःचं तोंड स्वतःच्या हातानं दाबून धरलं होतं. मला वाटलं, हा माणूस इथंच बेशुद्ध पडणार. पाऊण तासानं टिटवी एक उडी मारून पलीकडे गेली, मान वाकडी करून अंड्यांकडे पाहिलं आणि बसली. भाऊंनी हात काढला तर गालावर बोटं उमटली होती.

आता चर मागं राहिला होता आणि अंडी ओलीपासून आठ-दहा पावलांवर. दोघं चोरासारखे खूश होतो. चुकलं कुठं हे आमच्या लक्षातच आलं नाही.

आमच्या भागात पाऊस कसा होणार ते टिटवी सांगते. अंडी उंचावर घातली तर पाऊस लवकर आणि जबर, सखल जागी घातली तर उशिरा आणि हलका. लहान मूलही हे सांगेल. मीही लहानपणापासून ऐकत आले होते. आणि सुंदराबाई दरवर्षी अक्षयतृतीया झाली की रेतीत हिंडून अंडी पाहत आणि त्यावरून ठरवत की झोपड्या कधी उचलायच्या, पाण्याचं इंजिन कधी काढायचं. सातही घरं त्यांच्या शब्दावर चालत.

जूनच्या तोंडाशी एकदा त्या भाऊंच्या घरी टरबूज द्यायला आल्या. खुशीत होत्या. "पट्टीवाले, यंदा टिटवी पार धारेजवळ बसली ना! माह्या जिंदगीत एवढी खाली बसलेली पाह्यली नाही. पानी लेट हाय यंदा, बिलकुल लेट. मी काकडीची दुसरी फेर लावली. आता झोपड्या काही महिना-पंधरा दिवस काढत नाही."

भाऊंच्या हातातली फोड खाली पडली. सुंदराबाई गेल्यावर ते खाटेवर बसले आणि कितीतरी वेळ आपल्या दोन्ही पंजांकडे पाहत राहिले. वहिनींनी विचारलं, काय झालं. ते म्हणाले, "काही नाही."

सात झोपड्या, त्यात लहान लेकरं मोजली तर अकरा. मी म्हटलं, "भाऊ, सांगून टाका."

"सांगतो," ते म्हणाले. "सांगतोच. पन आज सांगतलं त ते अंडी उचलून फेकतीन. आज-उद्या फुटतीन ती, बाई. एकदा फुटू द्या, मंग सांगतो."

दुसऱ्या दिवशी म्हणाले, उद्या. त्याच्या दुसऱ्या दिवशीही तेच. सकाळी ते पंचशील म्हणत, तेव्हा खोटं न बोलण्याची ओळ आली की ती भराभर उरकत. मी पलीकडच्या खोलीत ऐकत असे. मी का नाही सांगितलं? मी मास्तरीण, मला तर कोणी मारलं नसतं. पण मीही भ्यायले. कोणाला भ्यायले ते अजून मला सांगता येत नाही. टोपलीतलं पिलू मी मारलं होतं, ही चार तरी जगावीत असंही कुठंतरी होतं. आणि आकाश कसं निरभ्र, एक ढग नाही. आज काही होत नाही, असं रोज वाटायचं.

चौथ्या दिवशी दुपारी बाराची पट्टी वाचायला भाऊ गेले ते धावत परत आले. धावत! त्यांना धावताना गावानं कधी पाहिलं नव्हतं. दारातूनच ओरडले, "बाई, चला! दोन बोटं चढलं. पळसाचा पाचोळा येऊन राहिला. पान्याले मातीचा वास हाय."

आम्ही रेतीत उतरलो तेव्हा वर रणरणतं ऊन होतं. उत्तरेला मात्र, डोंगरांच्या बाजूला, काळी रेघ दिसत होती. वाडीत सगळे सावलीला आडवे झालेले. झोपड्यांत लेकरं निजलेली. भाऊ मधोमध उभे राहिले. आणि एकदम बोलले, "मावशी, झोपड्या उचला. आताच्या आता. टिटवी खाली बसली नव्हती. मी नेली. रोज एक एक वीत मी नेली."

सुंदराबाई उठून बसल्या. "काय बोलून राहिला तू?"

त्यांनी सगळं सांगितलं. लोक गोळा झाले. कोणी हसलं, कोणी शिवी दिली. "ऊन लागलं याले," एक जण म्हणाला. सुंदराबाईंनी त्यांना नखशिखान्त पाहिलं. "टिटवी अशी कोनाच्या हातानं हलते का? घे, जामसांवलीच्या मारुतीची शप्पथ घे."

"मी बौद्ध मानूस, मावशी. मी कोनाची शप्पथ घेऊ? मी खोटं बोलत नाही, एवढीच माही शप्पथ. अन् चार दिवस तीबी मोडली मी." त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "पानी येऊन राहिलं, मावशी. मी पाह्यलं हाय एकदा. हात जोडतो."

"पान्याचं तुह्यापेक्षा टिटवीले जास्त कळते," सुंदराबाई म्हणाल्या आणि पुन्हा आडव्या व्हायला निघाल्या.

भाऊ तसेच उभे राहिले. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत होते. त्यांच्या मनात काय आलं ते मला आधीच कळलं आणि मी म्हटलं, "नको भाऊ." पण ते वळले होते. भराभर, पायाखाली न पाहता, ते थेट धारेकडे गेले. टिटवी उडाली, किंचाळायला लागली. त्यांनी डोक्याचा पंचा काढला, चारही अंडी त्यात घेतली. एका अंड्याला आतून तडा गेला होता. मी जवळ होते, आतली चिवचिव मला ऐकू आली. त्यांनाही आली असणारच.

पंचा छातीशी धरून ते वाडीतून निघाले, सगळ्यांच्या देखत. चर ओलांडला, वेलांमधून गेले, झोपड्या ओलांडल्या, कोरडी रेती ओलांडली आणि दरडीवर चढले. तिथं बाभळीखाली, पुराचं पाणी कधी जात नाही अशा जागी, त्यांनी जमीन उकरली आणि अंडी मांडली. टोकं आत करून. महिनाभर वीत वीत करून आणलेली अंडी एका झटक्यात जिथून आणली त्याच्याही वर नेऊन ठेवली. आता टिटवी येणार नाही, हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. मग ते दरडीवर उभे राहून ओरडले. एवढा मोठा आवाज त्या माणसात होता हे शेवंतावहिनींनाही माहीत नसेल.

"पाहा मावशी! टिटवी वर बसली! आता काय म्हनते तुही टिटवी? उचला झोपड्या!"

टिटवीच्या अंड्याला माणसानं हात लावला, तोही भर दुपारी, सगळ्यांसमोर. बाया पोरांना पोटाशी धरायला लागल्या. सुंदराबाईंचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांना पाण्याचं पटलं नव्हतं, पण या अपशकुनाखाली आता एक घटका काढायची नाही, हे पटलं. "उठा रे," त्या म्हणाल्या. "या मुडद्यानं जागा बाटवली. उठा." आणि शिव्यांचा पट्टा सुरू ठेवून त्यांनी पहिलं निजलेलं पोर स्वतः खांद्यावर टाकलं.

लेकरं आधी गेली. मग भांडीकुंडी, शेळ्या, बांबू. मीही पोरं वाहिली. एकीनं माझ्या मानेला घट्ट मिठी मारली होती, तिची नखं रुतल्याचं मला घरी गेल्यावर दिसलं. चारच्या सुमारास इंजिन सोडून सगळं दरडीवर आलं होतं. लोक भाऊंकडे पाठ करून बसले होते. ऊन तसंच होतं. मला वाटलं, पाणी आलंच नाही तर हे लोक यांना मारतील. आणि मग मला वाटलं, आलं तर?

ते आलं. आधी आवाज आला, मालगाडी लांबून यावी तसा. मग तपकिरी फेसाची एक भिंत वळणावरून आली, फार उंच नाही, कमरेएवढी असेल, आणि तिच्या मागं सगळी नदी. काकडीची दुसरी फेर, चर, इंजिन, झोपड्यांच्या जागा, कुठं काय होतं ते पाच मिनिटांत सांगता येईना. पाणी चढत दरडीच्या पोटाशी आलं आणि बाभळीपासून सात-आठ पावलांवर थांबलं.

आता तुम्हाला वाटेल लोकांनी त्यांना खांद्यावर घेतलं असेल. छे! संध्याकाळपर्यंत गावात एकच बोलणं झालं होतं. पट्टीवाल्यानं अंडी वर नेली, म्हणून पाणी वर आलं. अंडी खाली होती तेव्हा पाणी खाली होतं, हे तर सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. सात घरांचा हंगाम बुडवला त्यानं. मी चार ठिकाणी भांडले. मास्तरीण बाई, तुम्हाला समजत नाही, म्हणाले. पण खरं भय मला त्या दिवशी वाटलं नाही. ते दुसऱ्या दिवशी वाटलं, जेव्हा भाऊ सकाळची पट्टी वाचून आले, वही बाजूला ठेवली आणि मला विचारलं, "बाई, मी वर नेली म्हनून त नसन ना आलं पानी?"

मी म्हटलं, "भाऊ, काहीतरीच काय! तुम्हीच तर दोन बोटं चढलेलं आधी पाहिलं."

"हो," ते म्हणाले. "आधी पाह्यलं." आणि पुन्हा आपल्या पंजांकडे पाहायला लागले.

चारपैकी तीन अंडी थंड झाली होती. तडा गेलेल्यातून एक पिलू निघालं असावं, कारण कवच रिकामं होतं. मुंग्यांनी खाल्लं की ते पाण्याच्या नव्या काठापर्यंत पोचलं, माहीत नाही. ओल सात-आठ पावलांवर आली होती हे खरं. मी त्याच्यावर विश्वास ठेवला. भाऊंनी ठेवला की नाही, मी विचारलं नाही.

पुढच्या वर्षी माझी बदली पांढुर्ण्याला झाली. दोन वर्षांनी, मे महिन्यात, पेपर तपासायला छिंदवाड्याला चालले होते. रामाकोन्याच्या पुलावर एसटी हळू झाली, समोरून बैलगाड्या येत होत्या. मी खिडकीतून वाकून पाहिलं. वाड्या लागल्या होत्या. चरही होता. पण तो सरळ नव्हता. दर दहा-बारा पावलांवर कोणीतरी रेती ढकलून त्याला दोन्ही बाजूंनी उतार केला होता. वेलांत सुंदराबाई वाकलेल्या होत्या, कुंकू तेवढ्या उंचीवरूनही दिसलं.

आणि पलीकडे, ओलीच्या कडेनं, भाऊ चालले होते. दोन्ही हात डोक्यावर ठेवलेले, बोटात बोटं गुंतवून, शाळेत शिक्षा केलेल्या पोरासारखे. क्षणभर मला कळलंच नाही असे का चाललेत. मग कळलं. दोन्ही काठांवरून, पुलावरून, वाडीतून, कुठूनही कोणीही पाहिलं तरी दिसावं की या माणसाचे हात कशालाही लागलेले नाहीत. डोक्यावर टिटवी ओरडत होती.

मी हाक मारणार होते, तर ते थबकले. एक पाय वर, एक खाली. पुढ्यात काहीतरी होतं, मला पुलावरून दिसलं नाही. ते खाली पाहत तसेच उभे राहिले. बैलगाड्या गेल्या, एसटी सुटली, पूल संपला, तोवर त्यांनी पाय टेकवला नव्हता.